वडूज ते वाळवा: पत्री सरकारच्या मुलखात

शुक्रवार

सकाळी सहाला पुण्यातून निघायचं ठरलेलं, निघालो साडेसातला, कारण मित्राला चहा झाल्याशिवाय गाडीत बसता येत नाही. आमच्यात बरेच दिवस एक भांडण चालू होतं, बातम्यांमध्ये कुठल्यातरी देशात आंदोलकांनी सरकारी इमारती पेटवल्या तेव्हापासून. मी म्हणत होतो की सगळे रस्ते बंद झाल्यावर लोकांनी करायचं काय, आणि तो म्हणत होता की रस्ते बंद झाले हे ठरवतो कोण, काडी पेटवणाराच ना. माझं आजोळ खानापूर तालुक्यातलं, पत्री सरकारच्या, म्हणजे बेचाळीसच्या चळवळीनंतर नाना पाटलांच्या भूमिगत लोकांनी इंग्रजांना डावलून इथे गावोगाव चालवलेल्या कारभाराच्या, गोष्टी ऐकत मोठा झालोय, त्यामुळे माझं उत्तर लहानपणापासून तयारच होतं. त्याचं घराणंही जुन्या सातारा जिल्ह्यातलंच, पण त्यांच्या घरात १९४२ ची गोष्ट सांगत नाहीत, १९४८ ची सांगतात. ते पुढे येईलच. तर म्हणलं फोनवर भांडण्यापेक्षा जाऊन बघूनच येऊ.

साताऱ्याला हायवे सोडला, कोरेगाव, मग पुसेगावला सेवागिरी महाराजांचं दर्शन (मित्र नास्तिक, पण प्रसादाला नाही म्हणत नाही), आणि दुपारी वडूज. खटाव तालुका म्हणजे दुष्काळी पट्टा. शेजारी कृष्णाकाठी उसाचं हिरवं रान आणि इकडे ज्वारीची ताटं, बोडके डोंगर.

वडूजला आलो ते ९ सप्टेंबर १९४२ साठी. थोडं मागनं सांगतो. ऑगस्टमध्ये मुंबईत चले जावचा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून सगळे मोठे पुढारी आत. सांगायला वर कोणीच उरलं नाही. सातारा जिल्ह्यात लोकांनी काय केलं, तर तालुक्याच्या कचेऱ्यांवर मोर्चे काढले, हातात झेंडा, तोंडात घोषणा, बस. ३ सप्टेंबरला तासगावच्या मोर्चात तर मामलेदाराने गांधी टोपी घातली आणि कचेरीवर तिरंगा लागला. रक्ताचा थेंब नाही. ही बातमी आसपासच्या तालुक्यांत पोचली नसेल असं होणारच नाही, आणि मला वाटतं वडूजला निघालेल्या माणसांच्या डोक्यात तेच चित्र असणार, की आपण जाऊ, झेंडा लावू, मामलेदार टोपी घालेल, संध्याकाळी भाकरीला घरी. वडगावचे परशुराम घार्गे झेंडा घेऊन पुढे होते. इथे गोळीबार झाला. घार्ग्यांसकट नऊ माणसं गेली. दुसऱ्या दिवशी, १० सप्टेंबरला, इस्लामपूरच्या मोर्चावर गोळ्या, तिथे किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले पंड्या नावाचे इंजिनिअर आणि विष्णू बारपटे गेले.

स्मारकापाशी आम्ही पोचलो तेव्हा ऊन चांगलंच होतं. शेजारी चहाची टपरी, कॉलेजची पोरं गाड्या लावून बसलेली. मी नावं वाचत होतो, मित्र माझ्या मागे उभा राहून म्हणाला, हे बघ, ही माणसं शांततेने आली होती, यांच्याबद्दल माझा वादच नाही. मी म्हणलं माझा आहे. कारण तासगाव आणि वडूज यात फक्त सहा दिवसांचं अंतर आहे, लोक तेच, पद्धत तीच, झेंडा तोच, फरक फक्त समोरच्या सरकारी माणसाचा. एका ठिकाणी टोपी, एका ठिकाणी गोळी. म्हणजे शांततेचा मोर्चा यशस्वी होणार की नाही हे मोर्चातल्या माणसाच्या हातात नसतंच. ज्याच्याकडे बंदूक आहे तो ठरवतो. मग वडूजनंतर गावात परत गेलेल्या माणसाला तुम्ही काय सांगणार, पुढच्या बुधवारी परत झेंडा घेऊन चला?

तो म्हणाला, गांधी तेच सांगत होते की. बरोबरच आहे, सांगत होते. १९४४ ला सुटून आल्यावर पाचगणीत असताना गांधींनी भूमिगतांना उघडपणे बाहेर यायला सांगितलं, लपूनछपून काम करणं त्यांना पटतच नव्हतं. आणि मजा म्हणजे पाचगणी ह्याच जिल्ह्यात. काही जण देशभर हजर झालेही. साताऱ्यातले बहुतेक नाही झाले. गांधींचे फोटो लावायचे, गांधींच्या नावाने लग्नं लावायची आणि गांधींचं हे एक मात्र ऐकायचं नाही, असा कारभार.

रात्री वडूजलाच लॉजवर. जेवायला ज्वारीची भाकरी, झणझणीत आमटी, खरडा. मित्राने खरड्याला हातही लावला नाही, त्याला म्हणलं तुझी अहिंसा फक्त पोटापुरती आहे.

शनिवार

सकाळी मायणीवरून विट्याला. मायणीच्या तलावावर पक्षी बघायला थांबलो, पाच मिनिटात कंटाळलो कारण दुर्बीण नव्हती. विटा म्हणजे यंत्रमाग आणि सोनं गाळणारे गलाई लोक, देशभर पसरलेत. तिथून कडेगाव, जिथले मोहरमचे उंच ताबूत बघायला एकदा यायचंय, आणि मग शेणोली.

शेणोली हे पुणे-मिरज लाईनवरचं छोटं स्टेशन, कराडच्या पुढे. ७ जून १९४३ ला इथे पगाराचे पैसे घेऊन चाललेली गाडी अडवली. रुळावर दगडांचा ढीग लावला, गाडी थांबली की मागेही दगड टाकले म्हणजे उलटं पळता येऊ नये. हातात काय, तर काठ्या, कोयते, एखाददुसरा गावठी बॉम्ब. जी. डी. बापू लाड आणि तुफान सेनेचे, म्हणजे पत्री सरकारच्या लढणाऱ्या दलाचे, कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र लाड, दोघेही कुंडलचे, ह्यात पुढे होते. कॅप्टन भाऊ २०२२ मध्ये गेले, शंभरीच्या आसपास होते. शेवटपर्यंत त्यांना 'लूट' म्हणलेलं आवडायचं नाही. म्हणायचे की इंग्रजांनी आपल्या लोकांचे चोरलेले पैसे आम्ही परत आणले.

रुळाच्या बाजूला छोटं स्मारक आहे. आम्ही उभे असताना एक मालगाडी गेली, बराच वेळ जातच होती. इथे मात्र मित्र आणि मी जवळजवळ एकाच बाजूला आलो. त्याला म्हणलं ही हिंसा आहे का सांग. तो म्हणाला आहे, गाडीतल्या ड्रायव्हरला आणि गार्डला विचार, त्यांना काय पगार वाढला होता का. पण मग स्वतःच म्हणाला, की पैसा सरकारचा, मारायला कोणी आलेलं नव्हतं, आणि त्या पैशातून कोणी घरं बांधली नाहीत, तर ठीक आहे, हे मी समजू शकतो. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये ह्याच लोकांनी लांब धुळे जिल्ह्यात चिमठाण्याला सरकारी खजिना लुटला, साडेपाच लाखांच्या आसपास रक्कम, त्या काळात. एवढा पैसा हाताशी असून ही माणसं डोंगरात, उसाच्या फडात, कुणाच्या तरी माळवदावर झोपत होती.

ताकारीवरून सागरेश्वरचा घाट चढून देवराष्ट्रेला गेलो, कारण रस्त्यातच आहे आणि यशवंतराव चव्हाणांचं जन्मघर बघायचं होतं. यशवंतरावसुद्धा बेचाळीसला भूमिगत होते. पुढे हाच माणूस १९६६ ला देशाचा गृहमंत्री झाला आणि १९६७ ला नक्षलबारी झाली तेव्हा तिकडच्या भूमिगतांचं काय करायचं हे ह्याच्या टेबलावर आलं. मला ह्यात ढोंग वाटत नाही. मित्राला वाटतं. तो म्हणाला, प्रत्येक सत्तेवरचा माणूस म्हणतो की आमच्या वेळची गोष्ट वेगळी होती. मी म्हणलं वेगळी होतीच, त्या वेळी मतपेटी नव्हती. म्हणजे निवडणुका व्हायच्या, पण साहेबाला घरी पाठवता येईल अशी नव्हती. तो म्हणाला मतपेटी असून काही बदलत नसेल तर? ह्याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं, गाडीत बसेपर्यंत मी विषय रस्त्यावरच्या खड्ड्यांवर नेला.

दुपारी कुंडल. जरा जास्त वेळ इथेच घालवला. पत्री सरकार म्हणजे लोकांना वाटतं की बंदुका आणि डोंगर, पण खरं काम कंटाळवाणं होतं हो. बांधाची भांडणं, सावकाराकडे गहाण पडलेल्या जमिनी, दारूचे गुत्ते बंद करणं, बायको टाकणाऱ्या नवऱ्याला समज देणं, कमी खर्चात गांधी-लग्न. शंभराच्या वर गावांत १९४३ ते १९४६ हे चालू होतं आणि लोक तालुक्याच्या कोर्टात जायचे बंद झाले होते, कारण इथे वकील लागत नव्हता आणि निकाल त्याच आठवड्यात. नाना पाटील स्वतः १९३० पर्यंत तलाठी होते. मला नेहमी वाटतं की हे सरकार इतकं टिकलं त्यात ह्या तलाठीपणाचा हात आहे, सातबारा ज्याला कळतो त्याला गाव कळतं.

पारावर एक आजोबा भेटले. त्यांचे वडील तुफान सेनेत होते म्हणाले. मित्राने सरळच विचारलं, आजोबा, पत्री म्हणजे नक्की काय करायचे?

"पायाच्या तळव्यावर काठीनं हाणायचं. घोड्याला नाल ठोकत्यात का न्हाई, तसं. गडी म्हैनाभर चालत नसायचा."

"कुणाला?"

"दरोडेखोर, पोलिसांचं खबरे, बायाबापड्यास्नी त्रास देणारं. तवा पोलीस काय करत हुतं? दरोडेखोरास्नीच हाताशी धरत हुतं. मग आमच्या लोकांनी जायाचं कुणाकडं?"

मित्र म्हणाला, पण एखादा चुकीचा माणूस सापडला असेल तर?

आजोबा जरा थांबले, मग म्हणाले, "सापडलं असत्याल की. कोर्टात न्हाई सापडत व्हय?"

मला हे उत्तर त्या क्षणी इतकं आवडलं की मी जोरात हसलो. मित्र हसला नाही. पाराजवळून निघाल्यावर म्हणाला की कोर्टात सापडला तर वरच्या कोर्टात जाता येतं, तळवा फुटल्यावर अपील कुठे करायचं. आणि खबऱ्या म्हणून ज्यांना गोळी घातली त्यांचं तर राहूच दे. ह्यावर मी गप्प बसलो नाही, बराच बोललो, की युद्धात असंच असतं, खबऱ्यांमुळे माणसं मेली. २५ फेब्रुवारी १९४५ ला मणदूरला पोलिसांशी चकमक झाली त्यात किसन अहिर आणि आझाद हिंद सेनेतले नानकसिंग गेले, जंगलात लपलेल्या माणसापर्यंत पोलीस पोचतात ते काय वास काढत? बोलत होतो पण बोलताना मला स्वतःलाच जाणवत होतं की शेणोलीबद्दल बोलताना माझा आवाज जसा होता तसा आता नाहीये. गाडी अडवली ती सरकारची. तळवा मात्र गावातल्याच कुणाचा तरी, आणि तो कुणाचा हे ठरवणारे चारपाच जण. त्यात भावकीचा राग आला नसेल? आमच्याकडे बांधावरून खून होतात, तिथे खबऱ्या म्हणून बोट दाखवायला कितीसा वेळ लागतो.

कुंडलमध्ये लढणाऱ्यांची नावं ठिकठिकाणी आहेत आणि असायलाच पाहिजेत. पत्री बसलेल्यांची नावं कुठेच नाहीत. त्यातले निम्म्याहून जास्त लायकच असणार, मला शंका नाही. पण यादीच नाही म्हणल्यावर निम्मे की नव्वद टक्के हे मी कशावरून म्हणतोय.

मुक्काम पलूसला. रात्रभर उसाच्या ट्रॉल्या, ट्रॅक्टरवर मोठ्याने गाणी. झोप यथातथाच.

रविवार

सकाळी किर्लोस्करवाडी, पलूसपासून अगदीच जवळ. ही जागा मित्राने मागितली होती. स्टेशन, कारखाना, जुनी झाडं, कॉलनी, सगळं आखीव. इथलाच इंजिनिअर इस्लामपूरच्या मोर्चात गोळी खाऊन मेला हे मी मगाशी लिहिलं. आणि ह्याच कारखान्याला गांधीहत्येनंतर, १९४८ च्या फेब्रुवारीत, जमावाने आग लावली. मारेकरी ब्राह्मण म्हणून सातारा जिल्ह्यात गावोगाव ब्राह्मणांची घरं जाळली. तेव्हाचा सातारा म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्याचा हा मोठा भागही त्यातच, दक्षिण सातारा १९४९ ला वेगळा झाला आणि त्याचं सांगली नाव १९६० ला.

मित्राच्या आजोबांचं घर त्यातच गेलं. गावाचं नाव लिहीत नाही, तो नको म्हणाला. आजोबा शाळामास्तर, घरात चरखा, बेचाळीसला दोन भूमिगतांना माळ्यावर ठेवलेलं असं त्याच्या घरात सांगतात. जाळायला आलेले लोक ओळखीचे होते, काहींना त्यांनीच बाराखडी शिकवलेली. भांडी बाहेर काढायला एकाने मदतही केली म्हणे, आणि मग घर पेटवलं. ते पुण्याला आले ते परत गेलेच नाहीत, जमीन पुढे कुळकायद्यात गेली. काल रस्त्यात त्या गावाचा फाटा लागला होता, मी गाडी हळू केली, तो म्हणाला चल पुढे.

तर त्याचा मुद्दा असा, की त्या जमावाला विचारलं असतं की काय करताय, तर तो काय म्हणाला असता? निषेध. गांधींना मारलं म्हणून निषेध. दुःख खरंच होतं, राग खराच होता. मग तुझा शेणोलीचा राग आणि हा राग, ह्यात फरक कसा करायचा? मी म्हणलं अरे, काय तुलना करतोस, ह्या लोकांचा त्या खुनाशी संबंधच नव्हता, ही जात बघून लावलेली आग आहे, आणि पत्री सरकारनं ही आग लावली असं कुणी म्हणत नाही. तो म्हणाला, मीही म्हणत नाही. पण ज्या मुलखात चार वर्षं लोकांनी बघितलं की सरकारला न विचारता शिक्षा देता येते, त्या मुलखात पाचव्या वर्षी कुणी तरी चुकीच्या माणसाला शिक्षा द्यायला निघालं, तर त्याला अडवणारं काय उरतं?

मी त्याला म्हणलं की मग कोल्हापूर, मुंबई, पुण्यातही हिंसाचार झाला, तिथे कुठे पत्री सरकार होतं. हे त्याने मान्य केलं. ते कारण नाहीच. पण मला त्याचा प्रश्न तिथे सुटला असं वाटलं नाही आणि आताही वाटत नाही.

ह्यावर मी गाडीत बराच विचार केला, कृष्णा ओलांडून वाळव्याला पोचेपर्यंत दोघं फारसं बोललो नाही. वाळवा हे नागनाथअण्णा नायकवडींचं गाव, चिमठाण्याच्या खजिन्यात तेही होते. स्वातंत्र्यानंतर त्यांनी कारखाना काढला त्याला नाव दिलं हुतात्मा किसन अहिर. जंगलात पोलिसांच्या गोळीने मेलेल्या मित्राच्या नावाने साखरेची पोती बाहेर पडतात, हे मला भारी वाटतं. मला ह्या लोकांचं सगळ्यात मोठं काम कुठलं वाटतं तर ते हे, की त्यांनी बंद केलं. १९४६ ला नाना पाटील कराडात जाहीरपणे लोकांसमोर आले, आणि पुढे १९५७ ला लोकसभेवर निवडून गेले, १९६७ ला परत, बीडमधून, कम्युनिस्ट पक्षाकडून. म्हणजे काँग्रेसचं सरकार त्यांना पटत होतं असं अजिबात नाही, विरोधातच आयुष्य गेलं, शेतकऱ्यांचे मोर्चे, संयुक्त महाराष्ट्र, सगळं. जी. डी. बापू आमदार, नागनाथअण्णा आमदार. सांगलीचा तुरुंग १९४३ च्या जुलैत फोडून खंदकात उडी मारणारे, खांद्यात गोळी लागलेले वसंतदादा तर मुख्यमंत्री. मताने घालवता न येणारं सरकार होतं म्हणून बंदूक, आणि घालवता येणारं सरकार आलं की मत, एवढा हिशोब त्यांना कळत होता. किती चळवळींना हा दुसरा भाग जमलाच नाही, बंदूक हातात राहिली आणि कशासाठी धरली होती ते विसरले.

हे मी मित्राला बोललो. तो म्हणाला, मान्य, पण ते आधी माहीत नसतं. बंदूक उचलताना कोणीच सांगू शकत नाही की मी ती ठेवीन. तुला नाना पाटील शेवटापासून माहीत आहेत म्हणून सोपं वाटतंय, १९४३ ला कुंडलच्या एखाद्या म्हातारीला काय माहीत होतं?

हे खरं आहे. तरी मी त्याच्या बाजूला जात नाही. वडूजच्या नऊ माणसांनंतर त्या मुलखाने गप्प बसायला हवं होतं असं मी म्हणूच शकत नाही, माझ्या तोंडातून ते येत नाही. तारा तोडल्या, गाडी अडवली, खजिना नेला, ह्यात मला काही चूक दिसत नाही. पत्रीपाशी मात्र मी अडकतो, आणि आधी अडकत नव्हतो. आजोळी ही गोष्ट सांगताना पत्रीला सगळे हसायचे, मीही हसायचो, नाल ठोकल्यावर गडी कसा नाचला ह्याची नक्कल व्हायची. आता कुणी सांगितली तर विचारीन तो गडी कोण होता.

दुपारचं जेवण इस्लामपूरला, नवीन नाव ईश्वरपूर, पाट्या दोन्ही दिसतात. अख्खा मसूर आणि तंदुरी रोटी, इकडे येऊन हे नाही खाल्लं तर काही अर्थ नाही. तिथून येडे मच्छिंद्रला नाना पाटलांच्या गावी जाऊन आलो, तासाभरात. पोरं क्रिकेट खेळत होती, एकाने विचारलं कुठल्या चॅनेलचे. मग हायवे, खंबाटकीला ट्रॅफिक, रात्री अकराला घरी. वाटेत मित्राने त्याच्या आत्याला फोन लावला होता, स्पीकरवर. तिला म्हणाला किर्लोस्करवाडीला जाऊन आलो. ती म्हणाली बरं, आणि आपल्या घरी? तो म्हणाला फाट्यापर्यंत.

मणदूर राहिलं. शिराळ्यातून वर चांदोलीच्या बाजूला आहे, रस्ता पावसाळ्यात बेकार म्हणतात, म्हणून मार्चच्या आत जायचं बघतोय. मित्र म्हणाला येतो, पण त्या वेळी गाडी तो चालवणार आणि फाट्यावर कुठे वळायचं ते तो ठरवणार.